गाठीतली चेतापेशी आणि दारावरचा अडसर

मेंदूवर काम करणाऱ्याची पहिली अडचण अगदी साधी असते. मेंदू मिळत नाही. यकृताचा तुकडा मिळतो, कातडीचा मिळतो, रक्त तर रोजच मिळतं. पण जिवंत माणसाच्या डोक्यातून चार चेतापेशी काढून द्या, असं कोणत्या सर्जनला सांगणार? अपस्माराच्या शस्त्रक्रियेत कधीमधी एखादा तुकडा हाती लागतो, तो काही काळ तग धरतो आणि संपतो. त्यातून चेतापेशीचा स्वभाव असा, की एकदा पूर्ण घडली की ती पुन्हा दुभंगत नाही. आजचं थोडं विरजण बाजूला ठेवून उद्याचं दही लावावं, ही सोय इथे नाही.

म्हणून कित्येक दशकं या क्षेत्रानं पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांवर भागवलं. मीही भागवलं. औषधशास्त्राच्या वर्गात शिकवताना मी बिनदिक्कत म्हणत असे, "चेतापेशीवर ग्लुटामेट टाकलं की असं असं होतं." एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोणाच्या चेतापेशीवर?" मी म्हटलं, "उंदराच्या." ती गप्प बसली, पण ते गप्प बसणं मला बरेच दिवस पुरलं. या पुस्तिकेचं बीज तिथलं.

विषयाचं नाव लांबलचक आहे: मानवी गाठीपासून तयार केलेल्या चेतापेशी, आणि त्यांच्यावर वापरले जाणारे ग्लुटामेट रिसेप्टरचे ब्लॉकर. दोन्ही अर्धे भाग वेगवेगळ्या गावचे. एक कर्करोगाच्या गावचा, दुसरा औषधाच्या. त्यांची गाठ कशी पडली हे आधी सांगते, मग पुढची प्रकरणं वाचताना धागा हातात राहील.

वृषणातली गाठ

जननपेशींपासून उद्भवणाऱ्या काही गाठी विलक्षण असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. अंडाशयातली एखादी गाठ कापावी तर आत केसांचा गुंता, चरबी आणि चक्क दात सापडतात. या गाठीतल्या पेशींना कातडी, हाड, आतडं, मेंदू असं काहीही व्हायची मुभा असते, फक्त कुठे आणि केव्हा थांबायचं याचा हिशेब हरवलेला असतो. अशा गाठींना टेराटोमा म्हणतात. ग्रीक भाषेत 'टेरास' म्हणजे राक्षस किंवा अघटित. त्यातलाच कर्करोगाकडे झुकलेला प्रकार तो टेराटोकार्सिनोमा.

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये १९७०च्या दशकात फॉग आणि ट्रेम्प या संशोधकांनी बावीस वर्षांच्या एका तरुणाच्या फुप्फुसात पसरलेल्या वृषणाच्या गाठीपासून पेशींचा एक वंश तयार केला. त्याचं नाव टेरा-२. पुढे पीटर अँड्र्यूज यांनी फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या बिनकेसाच्या उंदरात वाढवल्या, तिथून परत काढल्या आणि एकेक पेशी निवडून तिची पैदास केली. त्या वंशाला एनटेरा-२ किंवा नुसतं एनटी-२ म्हणतात. १९८४ साली अँड्र्यूज यांनी दाखवलं की या पेशींना रेटिनॉइक ॲसिड दिलं की त्यातल्या काही चेतापेशी होतात.

रेटिनॉइक ॲसिड म्हणजे अ जीवनसत्त्वाचं आम्लरूप. मुरुमांवरच्या क्रीमच्या ट्यूबवर ट्रेटिनॉइन असं नाव असतं, तेच हे. वाढत्या गर्भात कुठली पेशी काय व्हायची, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. बेफाम दुभंगत सुटलेली पेशी या रेणूच्या धाकानं थांबते, धागे फेकायला लागते आणि कायमची चेतापेशी होऊन बसते. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरही हाच रेणू चालतो. शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी १९८०च्या दशकात तो रुग्णांना देऊन दाखवला. कर्करोगाच्या पेशीला मारण्याऐवजी वळण लावायचं, ही कल्पना तेव्हा ऐकणाऱ्यांना भाबडी वाटली असणार.

त्या बावीस वर्षांच्या तरुणाचं पुढे काय झालं, हे कोणत्याही कॅटलॉगात नसतं. वय असतं, वंश असतो, गाठीची जागा असते. फ्लास्कवर लिहायला तेवढं पुरतं. पण फ्लास्क हातात घेताना मला तो अधूनमधून आठवतो.

फ्लास्कला चापट

या चेतापेशी शुद्ध स्वरूपात मिळवायची रीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हर्जिनिया ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. ती वाचायला सोपी आहे, करायला संयम लागतो. दहा मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड, आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. रेटिनॉइक ॲसिडला उजेड सोसत नाही, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळायचं आणि हूडमधला दिवा मंद ठेवायचा. पाच आठवड्यांनी फ्लास्कमध्ये एक खिचडी असते. तळाशी चपट्या, पसरट, चेतापेशी व्हायला नकार दिलेल्या पेशींची सतरंजी आणि तिच्यावर चमकदार, गोलसर, शेपट्या फुटलेल्या चेतापेशींचे झुबके.

आता चेतापेशी वेगळ्या कशा करायच्या? इथे तंत्र कमी आणि हात जास्त लागतो. सगळ्या पेशी उचलून नव्या फ्लास्कमध्ये विरळ पसरायच्या, दोन दिवस थांबायचं आणि मग फ्लास्कच्या कडेला तळहातानं जोरात चापट मारायची. बोरीचं झाड हलवलं की पिकलेली बोरं पडतात आणि कच्ची फांदीला चिकटून राहतात, तसं होतं. वरच्या चेतापेशी सुटतात, खालची सतरंजी जागेवर राहते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा इतकी हलक्या हातानं चापट मारली की काहीच सुटलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं फ्लास्क माझ्या हातातून घेतला आणि अशी थप्पड दिली की मी दचकले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मिडियममध्ये झुबकेच्या झुबके तरंगत होते.

सुटलेल्या पेशी पॉलिलायसिन आणि मॅट्रिजेल लावलेल्या डिशमध्ये टाकतात. सोबत पेशीविभाजन रोखणारी औषधं घालतात, म्हणजे चुकून आलेल्या चपट्या पेशी वाढत नाहीत. उरतात त्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी, आणि मानवी. त्या पुन्हा कधी दुभंगत नाहीत. त्यांना एनटी-२-एन म्हणतात. शेवटचा 'एन' न्यूरॉनचा.

ग्लुटामेट, जेवणातलं आणि डोक्यातलं

दुसरा अर्धा भाग सुरू होतो गव्हाच्या पिठात. कार्ल रिटहाउसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६६ साली गव्हाच्या ग्लुटेनपासून एक आम्ल वेगळं केलं. त्यावरून नाव पडलं ग्लुटामिक ॲसिड. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून तेच आम्ल ओळखलं आणि जिभेवरच्या त्या चवीला 'उमामी' म्हटलं. चायनीजच्या गाडीवर मोठ्या चमच्यानं पडणारं अजिनोमोटो त्याचंच मीठ. (कोणी घाबरून प्लेट बाजूला सारू नये. खाल्लेलं ग्लुटामेट रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. वाटेत मजबूत तट आहे.)

हे मेंदूतही असतं आणि खूप असतं, हे कळलं तेव्हा ते निरोप्या असेल असं मानायला कोणी तयार नव्हतं. निरोप्या दुर्मीळ असावा असा समज होता आणि हे तर वाटेल त्या पेशीत भरलेलं. जपानमध्ये ताकाशी हायाशी यांनी १९५०च्या दशकात कुत्र्यांच्या मेंदूवर ते टाकलं तेव्हा झटके आले. १९५९-६० च्या सुमारास कॅनबेरात कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर ते टोचून पाहिलं, त्या लगेच पेटून उठल्या. आज आपण शिकवतो की मेंदूतला बहुतेक 'हो' ग्लुटामेट म्हणतं. आठवणी बसण्याचा पायाही तेच.

आणि तेच मारतं. १९५७ साली ल्यूकस आणि न्यूहाउस यांनी उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेट टोचलं तेव्हा डोळ्याच्या पडद्याचा आतला थर वितळल्यासारखा झाला. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या जॉन ओल्नी यांनी मेंदूतही तेच दाखवलं आणि पुढे त्यासाठी 'एक्सायटोटॉक्सिसिटी' हा शब्द रूढ केला. पुस्तिकेत मी त्याला 'उद्दीपनमृत्यू' म्हटलं आहे. शब्द थोडा जड आहे, पण पेशी उपाशी राहून मरत नाही, ती ओरडून ओरडून मरते, हे त्यात येतं.

असं का होतं, ते थोडक्यात. पेशीच्या आत ग्लुटामेट बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त साठवलेलं असतं, आणि बाहेर सांडलं की ते गोळा करायला पंप सतत चालू असतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे आपण पक्षाघात म्हणतो ते झालं, की वीज जाते, पंप थांबतात, उलटे फिरतात आणि ग्लुटामेट बाहेर ओतलं जातं. शेजारच्या चेतापेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि आतली कात्री-सुरी जातीची एन्झाइम्स जागी होऊन घरच कापायला लागतात.

दारं आणि अडसर

ग्लुटामेटची दारं, म्हणजे रिसेप्टर, मुख्यतः तीन जातींची. आम्पा, कायनेट आणि एनएमडीए. नावं पडली ती प्रत्येक दार ज्या परक्या रेणूनं उघडतं त्यावरून. एनएमडीए हा रेणू जेफ्री वॉटकिन्स यांनी प्रयोगशाळेत बनवला. कायनेट एका लाल शेवाळातून आलं, जपानमध्ये ते शेवाळ मुलांच्या पोटातल्या जंतांवर देत.

एनएमडीए हे दार सगळ्यात मजेदार. त्याला दोन किल्ल्या लागतात, ग्लुटामेट आणि ग्लायसिन. दोन्ही लावल्या तरी ते उघडत नाही, कारण दाराच्या बोळात मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. पेशी आधीच थोडी पेटलेली असेल तरच तो बोळा बाहेर फेकला जातो. हे १९८४ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. निरोप आला आहे आणि घेणारा जागाही आहे, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच हे दार हलतं. मग आत येतं ते कॅल्शियम. शिकणं आणि मरणं, दोन्ही याच बोळातून.

ब्लॉकर म्हणजे या दारांचे अडसर, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ही तऱ्हा कळली नाही तर प्रयोग वाचता येत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

डी-एपी-५ हा वॉटकिन्स यांच्या ब्रिस्टलमधल्या कामातून आलेला रेणू. तो ग्लुटामेटच्या जागेवर स्वतः जाऊन बसतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखा. गर्दी बेताची असेल तर रुमालाचा मान राहतो. यात्रेची गर्दी झाली, म्हणजे ग्लुटामेट भरपूर वाढलं, की रुमाल कोण बघतो! एमके-८०१ची रीत उलटी आहे. मर्क कंपनीत तयार झालेला आणि १९८६ पासून सगळ्यांना माहीत झालेला हा रेणू दार बंद असताना काहीच करू शकत नाही. दार उघडलं की तो आत बोळात शिरतो आणि तिथे अडकतो. गर्दी वाढली की त्याचं काम वाढतं. केटामाइन त्याच बोळात बसतं. १९६०च्या दशकापासून भूल म्हणून वापरलं जाणारं हे औषध एनएमडीए अडवतं, हे १९८३ साली कळलं. मेमँटिनही तिथेच बसतं, पण लवकर उठून जातं, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ते देता येतं आणि एमके-८०१ देता येत नाही.

आम्पा-कायनेटसाठी सीएनक्यूएक्स, १९८८ सालचं, डेन्मार्कच्या संशोधकांचं. ते नेमकं मानलं जातं, पण प्रमाण वाढवलं की एनएमडीएच्या ग्लायसिनच्या कुलपातही बोट घालतं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात हे नेहमी राहून जातं. नंतर आलेलं एनबीक्यूएक्स या बाबतीत जास्त सरळ.

१९९३

त्या वर्षी डॉनल्ड यंगकिन, व्हर्जिनिया ली आणि सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: या गाठीतून घडवलेल्या चेतापेशींना ग्लुटामेटची दारं आहेत का? त्या दिसायला चेतापेशी आहेत हे मान्य, पण पाटीवर 'हॉटेल' लिहिल्यानं आत चहा मिळेलच असं नाही. सूक्ष्म काचनळीचं तोंड एकेका पेशीला चिकटवून त्यांनी विजेचा प्रवाह मोजला, आणि एनएमडीए व आम्पा-कायनेट अशा दोन्ही घराण्यांची दारं सापडली. रेटिनॉइक ॲसिड न दिलेल्या मूळ गाठीच्या पेशींत चेतापेशीला शोभेल असं काही नव्हतं. म्हणजे दारं वळण लागतानाच बसवली गेली होती. पुढच्या वर्षांत या पेशी ग्लुटामेटनं मरतात आणि एमके-८०१ दिलं की बऱ्याचशा वाचतात, हेही दिसलं. प्राणवायू आणि ग्लुकोज तोडलं की मरतात, त्या मरणातही ग्लुटामेटचा वाटा असतो, हे नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी याच पेशींवर तपासलं.

या सगळ्यातून माझा एक पक्का ग्रह झाला आहे, तो इथेच सांगून टाकते. संशोधनात ब्लॉकर हे आधी प्रश्न विचारण्याचं साधन आहे आणि नंतर, जमलंच तर, औषध. पेशी मेली. कोणत्या दारातून मरण आलं? एक दार बंद करून बघा. वाचली तर त्या दारातून आलं होतं. नाही वाचली तर दुसरं बंद करा. चोर कुठून शिरला हे शोधताना आपण घरभर कुलपं लावत नाही, एकेक कडी तपासतो. ही पद्धत विसरून ब्लॉकरला थेट रुग्णाच्या शिरेत सोडायची घाई ज्यांनी केली, त्यांचं काय झालं ते पुढे येतंच.

एका रात्रीत

प्रयोगशाळेतला एक प्रसंग. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाच्या चेतापेशी एका रात्रीत मेल्या. संध्याकाळी त्यानं मिडियम बदललं, सकाळी डिशमध्ये शेपट्या मण्यांसारख्या तुटलेल्या आणि पेशींचे फुगे. त्यानं काहीच औषध टाकलं नव्हतं. बुरशी नाही, जंतू नाही, इन्क्युबेटरचं तापमान बरोबर. दोन दिवस आम्ही एकमेकांवर संशय घेत बसलो.

मग मी त्याला म्हटलं, बाटलीवरचं लेबल वाच. रोजचं मिडियम संपलं होतं म्हणून त्यानं दुसरं वापरलं होतं, डीएमईएम आणि एफ-१२ यांचं मिश्रण. त्यातल्या एफ-१२ च्या यादीत ग्लुटामिक ॲसिड असतं. मिश्रणात त्याचं प्रमाण सुमारे पन्नास मायक्रोमोलर होतं. एनएमडीएचं दार तर दोन-तीन मायक्रोमोलरलाच अर्धं उघडतं. वर सीरम घातलेलं, त्यातही ग्लुटामेट. ग्लायसिन तर मिडियममध्ये असतंच. म्हणजे पेशींना खाऊ म्हणून जे दिलं, त्यातच विष आणि दुसरी किल्ली, दोन्ही होतं. चेतापेशींसाठी न्यूरोबेसल नावाचं वेगळं मिडियम १९९३ मध्ये का बनवलं गेलं आणि त्यातून ग्लुटामेट मुद्दाम का वगळलं गेलं, हे मला वर्गात दहा वेळा सांगून कळलं नव्हतं ते त्या सकाळी कळलं.

मुलगा हुशार. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तेच मिडियम घातलं, पण निम्म्या डिशमध्ये आधी एमके-८०१ टाकलं. त्या डिश वाचल्या. निष्काळजीपणाचा त्यानं प्रयोग करून टाकला.

खाण्यातच विष म्हटलं की लाखोळीच्या डाळीची आठवण येणं साहजिक आहे. विदर्भात भंडारा-गोंदियाकडे धान उभं असतानाच त्याच बांधीत लाखोळी पेरतात. दुष्काळात महिनोन्महिने फक्त तिच्यावर राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याच्या नोंदी मध्य भारतात एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १९६४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि सरमा यांनी तिच्यातलं विष ओळखलं, त्याला आज ओडॅप म्हणतात. ते आम्पाचं दार उघडतं. उंदरांच्या चेतापेशींवर आम्पाचे ब्लॉकर दिले की ते मारत नाही, एनएमडीएचे दिले तर फारसा उपयोग होत नाही. त्याच पद्धतीनं दार शोधलं गेलं. भिजवून, उकळून, पाणी फेकून दिलं की ओडॅप बरंच कमी होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या भंडाऱ्याच्या बाईंना हे ओडॅपचं नाव न ऐकताच ठाऊक होतं.

रुग्णापर्यंत

एनएमडीए अडवलं की उंदराचा मेंदू पक्षाघातातून वाचतो, हे दिसल्यावर १९९०च्या दशकात औषध कंपन्या धावल्या. सेलफोटेल हे ग्लुटामेटच्या जागेवर बसणारं. त्याच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण औषध घेतलेल्यांत मृत्यू वाढताना दिसत होते. ॲप्टिगॅनेल हे बोळात शिरणारं, त्याचंही तसंच, फायदा नाही आणि धोक्याची शंका. गॅव्हेस्टिनेल ग्लायसिनच्या जागेवर बसणारं, सुरक्षित ठरलं, पण दोन मोठ्या चाचण्यांत सुमारे तीन हजार रुग्णांवर काहीच फरक दिसला नाही.

का? उत्तरं पुष्कळ दिली गेली. उंदराला औषध लगेच देता येतं, माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत तास उलटतात आणि ग्लुटामेटचा पूर ओसरलेला असतो. शिवाय ते दार फक्त मरणाचं नाही. पुढचे काही दिवस वाचलेल्या पेशींना सावरायला तेच लागतं. डिशमधल्या मानवी चेतापेशींनी हे आधी सांगितलं असतं का? मला नाही वाटत. डिशला रक्तवाहिन्या नसतात, रक्तदाब नसतो, भ्रम होत नाहीत. डिश इतकंच सांगते की माणसाच्या चेतापेशीचं दार उंदराच्या दारासारखं वागतं की नाही. ते तिनं सांगितलं. पुढची घाई आमची.

या पेशींवर आणखीही एक आशा बांधली गेली होती, त्यांचंच रोपण. १९९८ पासून पिट्सबर्गमध्ये पक्षाघात झालेल्या बारा रुग्णांच्या मेंदूत प्रत्येकी वीस किंवा साठ लाख पेशी टोचल्या गेल्या. लोकांना पहिली भीती कर्करोगाची वाटली. एका रुग्णाचं सत्तावीस महिन्यांनी हृदयविकारानं निधन झालं, शवविच्छेदनात पेशी जिवंत दिसल्या आणि गाठ नव्हती. वळण टिकलं होतं. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत हातापायांच्या हालचालींत ठोस सुधारणा सिद्ध झाली नाही आणि तो मार्ग मागे पडला.

गाठीनंच केलेला ब्लॉकर

या विषयातली मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी गोष्ट मात्र डिशच्या बाहेर घडली, आणि तीही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच. होसेप दालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बारा स्त्रियांची हकिकत लिहिली. तरुण बायका. आधी वागणं बदललं, मग भास, संशय, झटके, बोलणं बंद, श्वास मंदावलेला. अशी माणसं आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जातात. आपल्याकडे त्याआधी देवऋषीकडेही नेली जातात. या सगळ्यांना टेराटोमा होता, बहुतेकींना अंडाशयात. तपासलेल्या गाठींत चेताऊतक होतं आणि त्यावर एनएमडीए रिसेप्टर होते. शरीरानं गाठीतल्या त्या परक्या जागी उगवलेल्या दारांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, आणि ती प्रतिपिंडं मेंदूतली तीच दारं पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागली.

म्हणजे शरीरानं स्वतःच ब्लॉकर बनवला होता. लक्षणं केटामाइनच्या जास्त मात्रेची आठवण यावी अशी. गाठ काढली, प्रतिपिंडं कमी केली, की बऱ्याच जणी परत आल्या. हळूहळू, आठवड्यांनी, महिन्यांनी. एनएमडीएचं दार सगळ्या मेंदूत एकदम बंद झालं की माणसाचं काय होतं, याचं उत्तर सेलफोटेलच्या चाचणीआधी कोणाच्या हातात असतं तर बरं झालं असतं. त्या वेळी ते फक्त त्या बायकांच्या अंगात होतं.

या पुस्तिकेविषयी

एनटी-२-एन पेशी आता जुन्या झाल्या. २००७ पासून कातडीच्या पेशी मागे फिरवून त्यांच्यापासून चेतापेशी घडवता येतात, रुग्णाच्या स्वतःच्या. मग गाठीचं हे जुनं बियाणं कशाला? त्यांच्यावरचे काही आक्षेप खरे आहेत. या पेशींची गुणसूत्रं सेहेचाळीस राहिलेली नाहीत, त्या पूर्ण प्रौढ चेतापेशींसारख्या वागत नाहीत आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या वंशांत फरक पडत गेला आहे. तरीही त्या स्वस्त आहेत, गोठवून ठेवता येतात, आणि दहा वर्षांनी पुन्हा त्याच पेशी वाढवता येतात. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत एक हूड, एक इन्क्युबेटर आणि बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक एवढंच असतं. तेवढ्यात माणसाच्या चेतापेशीला प्रश्न विचारता येतो, ही सोय मी सोडणार नाही.

शब्दांबद्दल थोडं. रिसेप्टरला 'ग्राही' असा चांगला शब्द आहे, पण हूडजवळ उभं राहून कोणी 'ग्राही' म्हणत नाही. मी रिसेप्टर, ब्लॉकर, कल्चर, मिडियम तसंच ठेवलं आहे. चेतापेशी मात्र चेतापेशीच. तिसऱ्या प्रकरणातली प्रमाणं कागदावर टिपून भिंतीला चिकटवावीत, तोंडपाठ करू नयेत. सीएनक्यूएक्सच्या प्रमाणाजवळ मी लाल रेघ मारली आहे. ती ओलांडली तर निष्कर्ष लिहिताना ग्लायसिन आठवावं.

आणि चौथी डिश विसरू नये. प्रत्येक प्रयोगात चार डिश असाव्यात, असं मी प्रत्येकाला सांगते. पहिली नुसती, दुसरीत ग्लुटामेट, तिसरीत ग्लुटामेट आणि ब्लॉकर. या तीन सगळे लावतात. चौथीत नुसता ब्लॉकर. ती महाग वाटते, पेशी थोड्या असतात, म्हणून ती वगळली जाते. १९९९ साली इकोनोमिडू, ओल्नी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांत एनएमडीए काही तास अडवून ठेवलं, की वाढत्या मेंदूतल्या चेतापेशी आपणहून मरायला लागतात. उद्दीपनमृत्यूला नाव देणाऱ्या माणसानंच तीस वर्षांनी त्याची उलटी बाजू समोर ठेवली. एनटी-२-एन पेशी वयानं गर्भाच्या जवळच्या. त्यामुळे मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं आज येऊन विचारलं, तर मी तिला आधी ती चौथी डिश दाखवेन.